उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी आमच्या इंडिकाचं टायमिंग बांधलं, त्याचा अनुभव

गॅरेजला बोर्ड नाही हे आधीच सांगतो, म्हणजे शोधताना चिडचिड नको. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांच्या गल्लीत शिरायचं, निळं शटर दिसतंय, बाहेर एक जुनं इंजिनाचं हेड पडलेलं असतंय आणि आत साठीच्या पुढचे एक गृहस्थ, ज्यांना सगळी गल्ली नुसतं मिस्त्री म्हणती. मुलगा हाताखाली, आयटीआय केलेला. बास, दोनच माणसं. मी पाचपैकी पाच स्टार देतोय आणि का देतोय ते नीट लिहितोय, कारण टायमिंग बेल्टपायी (इंजिनातले फिरते भाग वेळेत जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा) मी आणि आबांनी जवळजवळ वर्षभर जे काढलंय ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला नको.

गाडी म्हणजे आबांची २००८ची इंडिका व्ही-टू, डिझेल. लोक म्हणतात विकून टाका, पण आबांनी ही गाडी स्वतःच्या पैशानं घेतलेली पहिली गाडी आहे, पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग परत करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला, म्हणजे ती चालवायचीच आहे आम्हाला. इंडिका १९९८च्या डिसेंबरात आली तेव्हापासून तिचं ते १४०५ सीसीचं डिझेल इंजिन या भागातल्या मिस्त्री लोकांच्या हाताखालून एवढ्या वेळा गेलंय की कुणीही सांगंल, नीट ठेवलं तर मरत नाही. फक्त एक गोष्ट आहे, तिला टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे, आणि तो एकच बेल्ट कॅम (हवा-धुराच्या झडपा म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पण फिरवतो आणि डिझेलचा पंप पण फिरवतो. म्हणजे तीन ठिकाणच्या खुणा एकाच वेळी जुळल्या पाहिजेत, क्रँक (पिस्टननी फिरणारा मुख्य दांडा), कॅम आणि पंप. दोन जुळल्या आणि एक हुकली तरी गाडी चालू होती, हीच खरी पंचाईत आहे. चालू होती म्हणून माणूस म्हणतो काम बरोबर झालंय.

आमचं तसंच झालं. गेल्या वर्षी किलोमीटर झाले म्हणून एका गॅरेजात बेल्ट बदलून घेतला, नाव लिहीत नाही. दोन तासात गाडी हातात. आम्ही खूश. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी पहिल्या सेल्फला गाडी घेईना, तीन तीन वेळा हीटर (गार डिझेल इंजिन आतनं तापवणारे प्लग) देऊन मारावा लागायचा, आणि चालू झाली की मागनं पांढरा धूर, गल्लीतली माणसं खोकत बाहेर. गरम झाली की धूर बंद. हायवेवर कागलपर्यंत गेलं तर काही कळायचं नाही, वरच्या आरपीएमला बरी पळायची. पण रविवारी जोतिबाला निघालो आणि केर्लीच्या पुढं चढ लागला की जीव गेल्यासारखी, दुसऱ्या गिअरला पण नुसती ओढत जायची. चार माणसं गाडीत, आई म्हणाली मी उतरून चालू का. त्याशिवाय समोरच्या बाजूनं एक बारीक सायरनसारखा आवाज, रेस दिली की चढणारा, सोडली की उतरणारा.

परत त्याच गॅरेजात नेली तर म्हणाले नवीन बेल्ट आहे, बसायला वेळ लागतो, आवाज जाईल. दोन महिने थांबलो, गेला नाही. मग दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली, ते म्हणाले पंप काढावा लागंल, कॅलिब्रेशनला द्यायला लागंल, डिझेल फवारणारे नोझल पण बघायला लागतील, पंधरा हजार धरा. आबा दोन रात्री झोपले नाहीत त्या आकड्यावर. मग आमच्या शेजारच्या टेम्पोवाल्या काकांनी या मिस्त्रींचं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी काय केलं तर बॉनेट उघडलं, गाडी चालू करायला लावली, एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक बेल्टच्या कव्हरच्या शेजारी टेकवलं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून उभे राहिले. मिनिटभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पावणं, बेल्ट लई ताणलाय. आणि टायमिंगपण बघाय पायजे. पंपाला हात लावू नगासा अजून." आबांनी विचारलं किती वेळ लागंल, तर म्हणाले, "आज न्हाई खोलत. गाडी गरम हाय. रातभर हितंच ऱ्हाऊ द्या, सकाळी गार असताना खोलतो."

मला वाटलं टाळाटाळ. पण त्याचं कारण त्यांनी समजावून सांगितलं आणि ते मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. इंजिन तापलं की धातू फुगतो, ब्लॉक आणि हेड दोन्ही, त्यामुळं क्रँक आणि कॅम यांच्यातलं अंतर किंचित वाढतं आणि बेल्ट आपोआप ताणला जातो. गरम इंजिनावर ताण बरोबर लावला तर गार झाल्यावर तो ढिला पडणार, आणि थंडीत सकाळी सेल्फ मारताना, सगळ्यात जास्त झटका बसतो त्याच वेळी, बेल्ट दाता सोडू शकतो. म्हणून ताण लावायचा तो गार इंजिनावरच. दोन तासात बेल्ट बदलून देणाऱ्यानं आमची गाडी हायवेवरनं आलेली तशीच गरम खोलली होती, हे मला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी आणि आबा हजर. मिस्त्री ग्राहकाला बाहेर बसवत नाहीत, उलट जवळ बोलावतात. कव्हर काढलं आणि आत बघितलं तर बेल्टवर आणि पुल्यांवर व्हाईटनरच्या पांढऱ्या रेघा. मिस्त्रींच्या मुलानं क्रँकच्या बोल्टाला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं, हीटर प्लग आधी काढून ठेवले होते म्हणजे कॉम्प्रेशन (सिलेंडरात दाबली जाणारी हवा) अडवत नाही आणि हाताला इंजिन मऊ लागतं. पहिला सिलेंडर टीडीसीला आणला, म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला. व्हाईटनरच्या रेघा एकदम बरोबर समोरासमोर. आबा म्हणाले, जुळतंय की ओ. मिस्त्री काही बोलले नाहीत, चिंधीला डिझेल लावून कॅमच्या पुलीवरचं व्हाईटनर पुसून काढलं, आणि खालून कंपनीची मूळ खूण वर आली. ती जिथं असायला पाहिजे त्याच्या एक दाता मागं होती. मी स्वतः वाकून बघितली, बोट ठेवून बघितलं. क्रँक बरोबर, पंप बरोबर, कॅम एक दाता मागं.

झालं काय असणार ते मिस्त्रींनी सांगितलं. आधीच्यानं जुना बेल्ट काढायच्या आधी तो होता त्या जागेवर रेघा मारल्या, नव्या बेल्टवर दाते मोजून तशाच रेघा काढल्या आणि चढवला. मूळ खुणा बघितल्याच नाहीत. जुना बेल्ट ढिला होऊन एखादा दाता आधीच सुटला असंल तर ती चूक जशीच्या तशी नव्या बेल्टवर उतरली, किंवा चढवताना कॅम किंचित मागं सरकला आणि त्याच्यावर रेघ ओढली. काही असो, रेघ रेघेला जुळली. "व्हाईटनर जुळवून टायमिंग बसत न्हाई," एवढंच म्हणाले, आणि कुणाला नावं ठेवत बसले नाहीत, हे पण मला आवडलं.

एक दाता म्हणजे काय एवढं, असं मला पण वाटायचं. तर हिशोब बघा. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक होते, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या दुप्पट दाते असतात. समजा क्रँकला २० दाते असले तर एक दाता म्हणजे क्रँकचे १८ अंश. व्हॉल्व्ह उघडायची आणि बंद व्हायची वेळ अठरा अंशांनी उशिरा. सेल्फवर इंजिन सावकाश फिरत असतं, पिस्टन वर यायला लागला तरी हवेचा व्हॉल्व्ह अजून उघडाच, मग आत घेतलेली हवा परत बाहेर ढकलली जाते आणि कॉम्प्रेशन कमी पडतं. डिझेलला स्पार्क प्लग नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच ते पेटतं. कॉम्प्रेशन कमी म्हणजे उष्णता कमी म्हणजे डिझेल नीट पेटत नाही आणि कच्चंच पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. गाडी पळायला लागली, आरपीएम वाढला की हवेला स्वतःचाच जोर येतो आणि उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह तिथं तेवढा नडत नाही. म्हणून हायवेवर बरी आणि चढाला मेलेली! वर्षभराची सगळी लक्षणं एका दात्यात बसली. पंप, नोझल, कशालाच काही झालं नव्हतं.

आणि हे नुसत्या पिकअपवर भागलं म्हणून नशीब. चार हजार आरपीएमला एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला तेहतीस वेळा उघडून मिटतो, आणि या डिझेलमध्ये पिस्टन वर आला की वर जागाच उरत नाही. आणखी दोन-तीन दाते सुटले असते किंवा बेल्ट तुटला असता तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकले असते, हेड उतरवायला लागलं असतं. घाटात झालं असतं तर काय, याचा विचार पण नको वाटतो.

आता ताणाचं. बेल्ट काढायच्या आधी मुलानं एक छोटं मीटर आणलं, त्याचा माईक बेल्टच्या लांब पट्ट्याजवळ धरला आणि बोटानं बेल्ट छेडला, पोवाड्यातल्या तुणतुण्याची तार छेडतात तसा. टुंग असा आवाज आला आणि मीटरवर हर्ट्झमध्ये आकडा. पाहिजे त्याच्या सव्वापट! पोरगं मला सांगतंय, दादा, आवाज सव्वापट म्हणजे ताण सव्वापट नव्हे, ताण वर्गाच्या हिशोबानं जातो, म्हणजे दीडपटीच्या पण वर गेलाय. तुणतुण्याची खुंटी थोडी पिळली की सूर जेवढा चढतो त्यापेक्षा तारेवरचा ओढा जास्त चढतो, तसंच. मिस्त्री स्वतः जुन्या पद्धतीनं पण बघतात, अंगठा आणि तर्जनीत लांब पट्टा मधोमध धरून पिळायचा, साधारण काटकोनापर्यंत वळला पाहिजे, पण त्यांनीच सांगितलं की अंगठा फसवतो, सकाळचा अंगठा वेगळा आणि दमल्यावरचा वेगळा, म्हणून मीटर. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसानं हे म्हणणं मला मोठं वाटलं.

जास्त ताणलं तर काय बिघडतं ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं, अक्षरशः. आयडलरची, म्हणजे बेल्टला नुसती वाट देणारी पुली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले फिरवा. फिरवली तर भिंगरीसारखी सुर्रकन फिरत राहिली, थांबेचना, आणि कानाजवळ नेली तर आत बारीक खरखर. मला वाटलं छान फिरतीय. मग नवी पुली दुसऱ्या हातावर ठेवली. ती बोटानं फिरवली की जडशी फिरली आणि लगेच थांबली, आवाज काही नाही. नव्या बेरिंगमध्ये ग्रीस असतं म्हणून ते जड फिरतं, जुन्यातलं ग्रीस त्या जादा ताणानं तापून सुकलं होतं, म्हणून ते मोकळं आणि कोरडं. सायरनचा आवाज एक ताणलेल्या बेल्टचा आणि एक याचा. हे बेरिंग जाम झालं असतं तर नवाकोरा बेल्ट पण तुटला असता. तेव्हा बेल्ट बदलताना टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) आणि आयडलर जुनेच ठेवून पैसे वाचवू नका, आम्ही गेल्या वर्षी तेच केलं होतं.

पार्ट आपणच आणायचे असतात, मिस्त्री चिठ्ठी लिहून देतात. मी पहिला बेल्ट आणला तो त्यांनी परत पाठवला. दुकानदारानं बॉक्स नाही म्हणून रबर लावून दुमडून दिला होता, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मिस्त्री म्हणाले ह्याच्या पोटात काचेच्या तंतूंची दोरी असते, कडक दुमड पडली की ती आतल्या आत तडकते, वरनं रबर चांगलं दिसतं. दुसरा बॉक्समधला आणला, तो हातात घेताना पण त्यांनी आधी हात पुसले. तेल लागलेल्या हातानं बेल्ट धरत नाहीत. आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील थोडं पाझरत होतं ते पण बदललं, नाहीतर नव्या बेल्टवर तेल उडून तो वर्षात फुगणार.

मग बेल्ट चढवायचं काम, जे मी अगदी जवळनं बघितलं. क्रँकपासून सुरुवात केली आणि इंजिन ज्या बाजूला फिरतं त्याच्या उलट दिशेनं बेल्ट एकेका पुलीवर घेत गेले, प्रत्येक पट्टा ताठ ठेवत, म्हणजे जी काही ढील उरेल ती सगळी टेन्शनरच्या बाजूला यावी. ढील दुसऱ्या बाजूला राहिली तर टेन्शनर आवळताना पुली फिरते आणि खुणा हलतात, बहुतेक आमचा दाता असाच गेला असणार. मग टेन्शनर लावला, खुणा बघितल्या, तिन्ही बरोबर. मी म्हटलं, मारू का चावी?

"थांबा की वाईच," मिस्त्री म्हणाले. "हातानं दोन फेऱ्या मारल्याबिगर मी चावी लावत न्हाई."

पाना लावला आणि क्रँकच्या पूर्ण दोन फेऱ्या, सावकाश, फक्त फिरायच्या दिशेनं. मध्ये एकदा खूण थोडी पुढं गेली तर मागं नाही घेतली, परत पूर्ण दोन फेऱ्या मारून आणली, कारण उलटं फिरवलं की ढील जागा बदलते आणि खूण खोटी दिसते. फिरवताना कान आणि हात दोन्ही तिथंच, कुठं अडकलं तर तिथंच थांबायचं, कारण हाताला अडकलेला व्हॉल्व्ह वाचतो, सेल्फला अडकलेला वाचत नाही. दोन फेऱ्यांनी कॅमची एक फेरी पुरी झाली, बेल्ट सगळ्या पुल्यांत नीट बसला, आणि आता बघितलं तर खुणा बरोबर पण मीटरवरचा आकडा उतरलेला. बेल्ट बसल्यावर ताण सगळीकडं सारखा वाटला जातो, म्हणून पहिला आकडा धरायचा नसतो. टेन्शनर परत लावला, परत दोन फेऱ्या, परत खुणा, परत छेडून बघितलं. आता आकडा बसला. मग टॉर्क रेंचनं बोल्ट आवळले.

एवढ्यावर पण समाधान नाही. वरचं कव्हर उघडंच होतं, मला बोलावून दाखवलं, पहिल्या सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि त्याच वेळी चौथ्याचे दोन्ही थोडे थोडे उघडे, एक मिटत आलेला, एक उघडायला लागलेला. १-३-४-२ असा फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटायचा क्रम) असलेल्या इंजिनात पहिला कॉम्प्रेशनच्या टोकाला असला की चौथा असाच असतो. क्रँकच्या दर फेरीला पहिला पिस्टन एकदा वर येतोच, पण ते वर येणं कॉम्प्रेशनचं का एक्झॉस्टचं हे खुणेवरनं नाही तर व्हॉल्व्हवरनं कळतं. खुणा पुसलेल्या असल्या तरी हे खोटं बोलत नाही, असं ते म्हणाले.

मग चावी आबांच्या हातात दिली. हीटर एकदा, सेल्फ एकदा, आणि गाडी लागली. गार इंजिन, सकाळची वेळ, धूर नाही. मिस्त्रींनी परत तो स्क्रू ड्रायव्हर लावून कानाला धरला आणि मान हलवली. आबा गाडीतनं उतरले नाहीत, स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते ऐकत बसले होते.

पैशाचं सांगतो. बेल्ट, टेन्शनर, आयडलर, सील असं सगळं मिळून पार्ट ३४००चे, मजुरी २०००. कुठल्या गॅरेजात दोन तासाची मजुरी यापेक्षा कमी घेतील, पण इथं अख्खी सकाळ दोन माणसं एका गाडीला लागली होती. जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले आणि बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर पत्र्यावर रंगानं लिहून दिलं, बॉनेट उघडलं की दिसतं.

आता कमी काय ते पण लिहायला पाहिजे. बसायला जागा नाही, एक मोडका स्टूल आहे. छापील बिल मिळत नाही, वहीतलं पान मिळतं, कंपनीच्या गाडीला बिल लागत असेल तर ते अडचणीचं आहे. घाई असेल तर इथं जाऊ नका, दुपारी आणून संध्याकाळी पाहिजे म्हणाला तर ते सरळ नाही म्हणतात, आणि अगदी नव्या कॉमन रेल गाड्यांचं, स्कॅनर लागणारं काम घेत नाहीत, तेही स्पष्ट सांगतात. एकदा कुणीतरी घाईत बोललं त्याला त्यांनी गाडी तशीच घेऊन जायला लावली हे मी डोळ्यानं बघितलं, थोडं तुटक वाटलं मला, पण गार इंजिनाचं कारण कळल्यावर त्यांची बाजू पटते. ज्या उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार या जुन्या यंत्र-कारागिरांचं नाव अजून आदरानं घेतात तिथली ही माणसं आहेत, कामाला कमी वेळ देणं त्यांना जमतच नाही.

परवाच्या रविवारी परत जोतिबाला गेलो, तीच चार माणसं, शिवाय गुलालाची पोती एका काकांची. केर्लीचा चढ आला, आबांनी सवयीनं दुसरा टाकायला हात नेला आणि परत घेतला, तिसऱ्यावरच निघाली गाडी. आई मागं झोपली होती.

गॅरेज सोमवारी बंद असतं. फोन लागतो पण उचलत नाहीत कारण हात तेलात असतात, त्यामुळं संध्याकाळी पाच-साडेपाचला सरळ गाडी घेऊन जायचं, रात्रभर तिथंच सोडायची तयारी ठेवायची, आणि बेल्टचं काम असेल तर सकाळी नऊला स्वतः जाऊन उभं राहायचं, ते दाखवतात सगळं.